नेवऱ्यांचे दोन डबे: ख्रिस्ती माणूस संस्कृतीकडे कसा पाहतो

चवथीला आमच्या म्हापशाच्या घरात नेवऱ्या तळून झाल्या की आई सगळ्यात आधी एक डबा वेगळा भरते. देशावर जिला करंजी म्हणतात तीच आमची नेवरी. हा डबा गणपतीपुढे जात नाही. नैवेद्य दाखवायच्या आधीच झाकण लावून तो फडताळात, आणि दुपारी शेजारच्या आंटीकडे. आंटी कॅथलिक. लहानपणी डबा पोचवायचं काम माझं. दारातच ती विचारायची, "देवा मुखार दवरिल्लें काय?" देवापुढे ठेवलेलं नाही असं कळलं की डबा आत जायचा आणि रिकामा डबा परत येताना त्यात काहीतरी असायचंच. तिची थोरली बहीण चार घरं सोडून राहायची. ती असलं काही विचारत नसे. आमच्याकडे आरतीच्या वेळी आली तर हातावर पडलेला मोदक तिथेच उभ्याने खाऊन टाकायची. चर्च एकच, पाद्री एकच, आईबापही एकच.

एक कडक आणि एक सैल, असा मी तेव्हा हिशेब लावला होता. पुढे कॉलेजात असताना बायबल वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की दोघी बहिणी एकाच जुन्या पत्राला धरून वागत होत्या.

ते पत्र करिंथ नावाच्या ग्रीक बंदरातल्या लोकांना लिहिलेलं आहे. तिथल्या देवळांत बळी दिलेल्या जनावरांचं मांस बाजारात विकायला यायचं. नुकते ख्रिस्ती झालेले लोक अडले: हे घ्यायचं की नाही? इसवी सन 55 च्या सुमारास पौल ह्या ख्रिस्ती प्रचारकाने त्यांना उत्तर धाडलं. मूर्तीत काही नाही, तेव्हा मांस हे मांसच, असं तो आधी म्हणतो. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, असंही सांगतो. पण देवळातल्या पंगतीला बसू नका, कारण प्रभूचं ताट आणि ते ताट अशी दोन्ही चालणार नाहीत. आणि कोणाकडे जेवायला गेलात आणि कोणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर हात आवरा. तुमच्यासाठी नव्हे, त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी.

थोरली बहीण पहिल्या वाक्यावर उभी होती, आंटी शेवटच्या. खरं तर पौल म्हणतो विचारू नका आणि आंटी विचारायची. पण म्हापशात न विचारताही सगळ्यांना सगळं ठाऊकच असतं, तेव्हा तिचा नाइलाज होता असं आपण धरू.

ख्रिस्ती धर्म आणि संस्कृती ह्या विषयावर ग्रंथांचे ढीग आहेत. त्यातला बराचसा वाद ह्या डब्याचाच आहे. पदार्थ तोच, पण तो कुठल्या पाटावर ठेवला गेला ह्यावर त्याचा अर्थ बदलतो का? बदलत असेल तर तो कोणी ठरवायचा?

आधी चौकट समजून घेऊ. जगाकडे पाहण्याच्या मुळातल्या धारणांना विश्वदृष्टी म्हणतात. जग कुठून आलं, काय बिघडलंय, ते कशाने सुधारेल, शेवट काय, ह्या प्रश्नांची माणसाने न बोलता मनाशी बाळगलेली उत्तरं. ज्याचं हे भाषांतर तो मूळ शब्द जर्मन. तो कांटच्या 1790 च्या लिखाणात पहिल्यांदा दिसतो, आणि ख्रिस्ती विचारात त्याला मोठं केलं ते प्रॉटेस्टंट मंडळींनी. अब्राहम काइपर हा डच धर्मपंडित त्यातलं ठळक नाव. 1898 मध्ये त्याने अमेरिकेत प्रिन्स्टनला ह्यावर व्याख्यानं दिली आणि 1901 मध्ये तो नेदरलँड्सचा पंतप्रधान झाला. श्रद्धा रविवारच्या प्रार्थनेपुरती नसते, शाळा, शेती, राज्यकारभार, चित्रकला ह्या सगळ्यांवर तिचा हक्क आहे, हे त्याचं म्हणणं.

गोव्यात चर्चच्या पायरीवर कोणाला "तुझी विश्वदृष्टी काय?" असं विचारलंत तर तो तुमच्याकडे बघतच राहील. तिथला शब्द आहे भावार्थ. मराठीत भावार्थ म्हणजे कवितेचं सार. कोकणी ख्रिस्ती बोलीत भावार्थ म्हणजे श्रद्धा, आणि श्रद्धावंत तो भावार्थी. शाळेत "कवितेचा भावार्थ लिहा" असा प्रश्न यायचा तेव्हा वर्गातली कॅथलिक पोरं हसायची, ती का ते मला फार उशिरा कळलं.

हा भावार्थ एका गोष्टीवर उभा आहे आणि तिचे चार टप्पे आहेत. देवाने जग निर्माण केलं आणि ते चांगलं आहे असं पाहिलं. माणसाने अवज्ञा केली आणि त्या चांगल्यात वाकडेपणा शिरला. ख्रिस्ताने मनुष्यदेह घेऊन, मरून, उठून ते सरळ करायला सुरुवात केली. आणि शेवटी सगळं नवं होईल. इथे काळ चक्रासारखा फिरत नाही. त्याला सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे. आपल्याला युगांची आणि जन्ममरणाच्या फेऱ्यांची सवय, म्हणून हा फरक नुसता वाचून समजतो, अंगवळणी पडत नाही.

ह्या चारांपैकी पहिले दोन टप्पे संस्कृतीच्या प्रश्नात सगळ्यात जास्त कामाला येतात. जग माया नाही. माड, मोगरा, ढोल, फेणी, नाच, भाषा हे मुळात चांगल्या मालाचंच घडलेलं आहे. म्हणून ते टाकून देता येत नाही. पण त्याच मालाला बाक आलेला आहे, म्हणून ते आहे तसं उचलताही येत नाही. ढोल बरा की वाईट, असा प्रश्न ख्रिस्ती विचारात खरं तर बसतच नाही. ढोल कशासाठी वाजतोय, एवढंच विचारता येतं.

घोळ वाढवणारी आणखी एक गोष्ट बायबलमध्येच आहे. कोकणीत जगाला संवसार म्हणतात, आपल्या संसाराचाच भाऊ. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, म्हटलंय की देवाने संवसारावर इतकं प्रेम केलं की आपला एकुलता पुत्र दिला. आणि योहानाच्याच नावाच्या पत्रात म्हटलंय की संवसारावर प्रेम करू नका. शब्द एकच. एकदा तो देवाच्या हातची निर्मिती दाखवतो, एकदा देवाकडे पाठ फिरवलेली व्यवस्था. दोन हजार वर्षं ख्रिस्ती लोक कधी एका वाक्यावर जोर देत आलेत, कधी दुसऱ्या.

इसवी सन 200 च्या आसपास कार्थेजचा टर्टुलियन विचारत होता की अथेन्सचा यरुशलेमशी संबंधच काय? ग्रीक तत्त्वज्ञान घेऊन करायचंय काय? त्याच्या दोन पिढ्या आधी जस्टिन नावाचा लेखक नेमकं उलट मांडून गेला होता: सत्याची बीजं देवाने सगळीकडे टाकलेली आहेत, सॉक्रेटिसातसुद्धा. पौल स्वतः अथेन्सला गेला तेव्हा गावभर मूर्ती पाहून त्याचा जीव तळमळला, असं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. पण उभा राहून बोलायची वेळ आली तेव्हा त्याने "अज्ञात देवाला" असं कोरलेल्या एका वेदीपासून सुरुवात केली आणि ग्रीक कवीची ओळ म्हणून दाखवली. तळमळ आणि आदर दोन्ही एकाच माणसात, एकाच मुक्कामात. 1951 मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड नीबूर ह्या प्राध्यापकाने ह्या सगळ्या भूमिकांच्या पाच जाती लावल्या: संस्कृतीला विरोध करणारे, तिच्याशी एकरूप होणारे, तिच्यावर कळस चढवणारे, दोन्हींत ताण सोसत जगणारे आणि तिला आतून बदलू पाहणारे. धर्मशास्त्राच्या परीक्षेत हे पाच मुद्दे अजून विचारतात. खरी माणसं मात्र एका खान्यात बसत नाहीत. आंटी प्रसादाच्या बाबतीत पहिल्या खान्यात होती आणि लग्नाच्या रीतींत बहुतेक दुसऱ्या.

मला ह्या विषयात नेहमी खाजनातली मानस आठवते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: नदीकाठच्या खारट सखल जमिनीला बांध घालून तिच्यात भात पिकवतात, ते खाजन. बांधात लाकडी दारांची मोरी असते, ती मानस. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने दार आपोआप लागतं, ओहोटीला उघडतं. दार कायमचं बंद केलं तर पावसाचं पाणी साचून शेत कुजतं, कायमचं उघडं टाकलं तर मिठाने मरतं. काय आत घ्यायचं, काय थोपवायचं आणि केव्हा, हे तिथे रोजच्या रोज ठरत असतं. आणि दार नीट लागत नसेल तर थोडं खारं पाणी शिरतंच. म्हणून तर कोरगुटसारखं खारं सोसणारं भात इथे टिकलं.

गोव्यात ह्या दाराचा इतिहास सोपा नाही आणि तो सोपा करून सांगू नये.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. आमच्यासारख्या अनेक घरांचा कुलदेव एका तालुक्यात आणि मूळ गाव दुसऱ्या तालुक्यात, ते त्यामुळेच. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत राहिलं.

ह्याच काळात, ह्याच साष्टीत, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री मराठी शिकत होता. तो 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये वारला. म्हणजे एकनाथांच्या हयातीत त्याची मराठी घडत होती. त्याचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला रोमी लिपीत छापलं गेलं. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक श्रोता पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? एवढा प्रामाणिक प्रश्न त्या काळच्या धर्मग्रंथात छापून आला ह्याचं मला अजून नवल वाटतं. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती आपण शाळेपासून ऐकतो, पण हा प्रश्न आपल्याला कोणी शिकवत नाही. देऊळ पाडलं गेल्यावर त्या गावातल्या माणसाच्या रिकाम्या झालेल्या संध्याकाळी त्यात दिसतात.

स्टीफन्सने केलं काय, तर भांडं तेच ठेवलं. पुराण, ओवी, श्रोते-वक्त्याचा संवाद. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं. आपल्याला हे आज गोड वाटतं, पण त्याच्या दृष्टीने ती मोठी जोखीम होती. शब्द एकटा येत नाही, सोबत बिऱ्हाड घेऊन येतो. त्याच्या आधी फ्रान्सिस झेवियरला जपानात हा चटका बसला होता. देवासाठी त्याने दायनिची हा तिथला शब्द घेतला. लोक आनंदाने ऐकू लागले, आणि मग कळलं की ते नाव एका बुद्धाचं आहे. लगोलग शब्द बदलून लॅटिन देऊस करावा लागला. अनुवाद करणाऱ्याच्या वाट्याला हे दोन्ही धोके येतात. परका शब्द ठेवला तर कोणाला कळत नाही, घरचा घेतला तर भलतंच कळतं.

ख्रिस्ती धर्माला ह्या जोखमीतून सुटका नाही, कारण त्याची सुरुवातच अनुवादात झाली. येशू अरामी बोलायचा आणि शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये. गुरूचे मूळ शब्द त्याच्याच भाषेत जपण्याचा आग्रह पहिल्या पिढीनेच सोडून दिला. ग्रीक लोकांनी ख्रिस्ती होण्यासाठी आधी ज्यूंसारखी सुंता करावी का, हा वाद साधारण 49 साली यरुशलेमच्या बैठकीत आला तेव्हा निर्णय झाला की नको. एका जमातीच्या चालीरीती दुसऱ्या जमातीवर लादायच्या नाहीत, हे धर्माच्या पहिल्या वीस वर्षांतच ठरलं होतं. नंतरच्या राज्यकर्त्यांनी ते किती पाळलं ते गोव्याला विचारा.

स्टीफन्सच्याच काळात भारतात दुसरा एक खटला चालू होता. रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट 1606 पासून मदुराईत संन्याशासारखा राहू लागला. त्याने काषाय वस्त्रं घातली, मांस सोडलं, संस्कृत आणि तमिळ शिकला. त्याच्याकडे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण शेंडी आणि जानवं ठेवत. हे चालेल का? जानवं ही जातीची खूण की पूजेची? 1619 मध्ये ह्यावर गोव्यात धर्मपंडितांची बैठक बसली आणि बहुमत त्याच्या विरुद्ध गेलं. पण 1623 मध्ये पोपने त्याला सशर्त परवानगी दिली: जानवं सामाजिक खूण म्हणून चालेल.

ह्या निकालाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. माझं मन त्यात पूर्ण रमत नाही. "हे धार्मिक नाही, सामाजिक आहे" ह्या एका वाक्याच्या फटीतून जात आत शिरली. गोव्यातल्या कॅथलिकांत बामण, चार्दो, सुदिर हे भेद चारशे वर्षं टिकले. कित्येक गावांत चर्चच्या कोंफ्रारिया, म्हणजे फेस्त (चर्चचा सण) चालवणारी मंडळं, ठरावीक जातीच्या घराण्यांपुरतीच होती. ख्रिस्तात ज्यू आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, असं पौलच लिहून गेला होता. तुळस अडवली आणि जात सोडली, तर पहारेकऱ्याचं लक्ष कुठे होतं असं कोणीही विचारील.

तुळशीचं म्हणतोय ते उगाच नाही. 1684 मध्ये स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोला, असं फर्मान निघालं. 1736 मध्ये इन्क्विझिशनने बंदीची लांबलचक यादी काढली. ख्रिस्ती घरात तुळस नको. पुरुषांनी धोतर, बायकांनी चोळी घालू नये. लग्नात विडे वाटू नयेत, ओव्या गाऊ नयेत. आणि ह्या यादीतलं मला कधीही न विसरता येणारं कलम: हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवू नये.

भातातल्या मिठाचा देवाशी संबंध काय? ख्रिस्ती शिकवणुकीत शोधलात तर सापडणार नाही. पौलाने तर खाण्यापिण्यावरून कोणाचा न्याय करू नका असं म्हटलंय. इथे दार कायमचं लावून घ्यायचा प्रयत्न होता, आणि त्यामागे भावार्थापेक्षा राज्याची भीती जास्त होती: ही माणसं अजून शेजाऱ्यांसारखी जेवतात, म्हणजे अजून पुरती आपली झालेली नाहीत. तरी आज गोव्यातल्या कुठल्याही जुन्या ख्रिस्ती घरासमोर जा. अंगणात चौथऱ्यावर सफेद रंगवलेला खुरीस, म्हणजे क्रूस, पुढे पणतीची देवळी, माथ्यावर फुलांची माळ. क्षणभर डोळे बारीक करून पाहिलं तर वृंदावनच.

दार बंद असतानाही पाणी शिरतच होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस चोळतात, त्याला रोस म्हणतात, आणि आपल्या हळदीला तो परका वाटत नाही. वधूला चुडो भरतात. घरातल्या मेलेल्यांच्या आठवणीने लग्नाआधी गरिबांना पान वाढतात, त्याला भिकाऱ्यांचं जेवण म्हणतात. पाद्रींनी ह्यातलं बरंचसं चालू दिलं, कारण प्रत्येकाला बायबलमध्ये एखादी खुंटी सापडत होती. गरिबांना जेवू घालणं तर येशूच्याच तोंडचं.

कोणसाचें फेस्त घ्या. राय गावात 5 ऑगस्टला नव्या भाताची कणसं कापून पाद्री ती आशीर्वादित करतो आणि मग ती घरोघरी जातात. ते चर्च येशूच्या आईचं, म्हणजे हिमाच्या सायबिणीचं आहे. साष्टीत बर्फ कोणी कधी पाहिलं असेल तर ते मासळीच्या पेटीत. ह्या फेस्तानंतर काही आठवड्यांनी चवथीला आम्ही नवें करतो, म्हणजे कणसं देवाला वाहून दाराला बांधतो. शेत एकच असू शकतं, पाऊस तर एकच असतो. बायबलच्या जुन्या करारात पहिलं पीक देवाला आणून द्या अशी आज्ञा आहे, म्हणून ही रीत मानशीतून सहज आत गेली. तीच गोष्ट सांजांवची. 24 जूनला डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात. मरीया भेटायला आली तेव्हा अलिशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली, असं लूक सांगतो. तो बाळ म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान, कोकणीत जुवांव. एका उडीवर दुसरी उडी, इतकं सरळ. जूनमधल्या तुडुंब विहिरी पाहिल्यावर मात्र मला वाटतं की कारण नंतर सापडलं असावं.

मिलाग्र सायबिणीपाशी हा हिशेब जड जातो. ईस्टर उलटून पंधरवडा झाला की सोमवारी आमच्या म्हापशात तिचं फेस्त भरतं. हिंदूही रांगेत मेणबत्त्या आणि तेल घेऊन उभे असतात. लोककथेत ती सात बहिणींपैकी एक, शिरगावच्या लईराईची बहीण मिराबाय. चर्चची शिकवण विचाराल तर ती येशूची आई मरीया आहे आणि तिला बहिणींचं हे गोत नाही. शिवाय चर्च भक्ती आणि मान ह्यांत फरक करतं: भक्ती फक्त देवाची, संतांना आणि मरीयेला मान. रांगेतल्या म्हातारीला हा फरक कोणी समजावत बसत नाही. तिला समजला तरी ती तेल ओतणारच. कडक प्रॉटेस्टंट नेमका इथेच बोट ठेवतो. गोव्यात ज्यांना लोक बिलिव्हर म्हणतात ती मंडळी सायबिणीची मूर्तीच नको म्हणतात, मग बहिणी दूरच. त्यांच्या लेखी दार फार दिवस उघडं राहिलंय. कॅथलिक शेजाऱ्याशी त्यांचं आमच्यापेक्षा जास्त वाजतं, कारण घरातला वाद नेहमीच मोठ्याने होतो.

1962 ते 1965 ह्या काळात व्हॅटिकनमध्ये जगभरच्या बिशपांची परिषद भरली आणि रोमने आपली अधिकृत भूमिका बदलली. लॅटिन मिसा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत आली. गोव्यात ती कोकणीत ऐकू येऊ लागली. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं 1965 च्या दस्तावेजात स्पष्ट लिहिलं गेलं. जस्टिनची ती जुनी बीजंही परत आली.

पण परिषदेची वाट न पाहता एक गोंयकार हे आधीच करून बसला होता. आंजेलो द फोन्सेका, 1902 चा जन्म, जुव्यातल्या सांतु इस्तेव्हचा. शांतिनिकेतनात शिकून आला आणि मरीयेला साडी नेसवून चित्रं काढू लागला. गोव्यात त्याच्यावर टीकेची झोड उठली: ही कसली मरीया, ही तर शेजारची बाई! त्याने पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात मुक्काम हलवला आणि 1967 मध्ये तिकडेच वारला. त्याची बरीच चित्रं आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. शेजारच्या बाईसारखी दिसते ही तक्रार मला तर स्तुतीच वाटते. देव माणूस झाला असं ज्यांचं म्हणणं, त्यांनी त्याच्या आईला शेजारीण मानायला काय हरकत होती? पण ज्यांनी दोनशे वर्षं चोळी आणि तुळशीसाठी शिक्षा पाहिल्या होत्या, त्यांच्या पणतवंडांना साडीतली मरीया पाहून भीती वाटली असेल तर तेही मला समजतं.

आज वाद आणखी वेगळ्या वळणावर आहे. मिसेत आरती, पणती, संस्कृत श्लोक आणले की ते भारतीय झालं, असं एका गटाला वाटतं. दलित ख्रिस्ती विचारवंत विचारतात, भारतीय म्हणजे कोणाचं? ज्या संस्कृतीने आम्हाला देवळाबाहेर ठेवलं तिचीच आरती आता चर्चमध्ये? आणि गोव्याचा साधा कॅथलिक तिसरंच म्हणतो: मांडोची गाणी, तियात्र नाटकं, व्हायोलिन ही माझी संस्कृती आहे, ती मला पोर्तुगिजांनी दिली असेल पण आता ती माझीच. मला भारतीय व्हायला कोणी शिकवू नये. 2011 च्या जनगणनेत गोव्यातला दर चौथा माणूस ख्रिस्ती होता. त्यांची संस्कृती कोणती हे ठरवायला आमच्यासारखे शेजारी हौसेने पुढे असतात, आणि त्यात आमचाही एक वेगळा इन्क्विझिशन दडलेला असतो असं मला अधूनमधून वाटतं.

अलीकडे हा विचार पूजेच्या बाहेर, जमिनीकडेही वळलाय. जग मुळात चांगलं आणि देवाचं, हा पहिला टप्पा धरून पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 मध्ये पर्यावरणावर पत्रक काढलं. खाजनं बुजवणं, डोंगर कापणं ह्यांबद्दल आता चर्चमधूनही बोलतात.

आंटी आता थकलीय. चवथीचा डबा अजून जातो, पण दारात आता तिची सून येते आणि ती काहीच विचारत नाही. आई मात्र डबा नैवेद्याआधीच भरते. नाताळला तिकडून कोंसुआदचं ताट येतं, विणकाम केलेल्या रुमालाने झाकलेलं. त्यात दोदोल, कुलकुल, बेबिंक आणि हो, नेवऱ्यासुद्धा. एका नाताळला सोमवार होता आणि आईचा उपास. तिने रुमाल बाजूला केला, ताटावरून एकदा नजर फिरवली आणि सुनेला विचारलं,

"ह्यातल्या कशात अंडं नाही गो?"